बापमाणूस, पण स्वतःचं पोर नाही: चार्ल्स गुडनाइटची केस

नव्वदी पार केलेलं कुणी गेलं की पेपरातल्या बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. "त्यांच्या पश्चात दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं असा परिवार आहे." बाकी काही राहिलं तरी चालेल, पण हे वाक्य राहिलं तर घरात रुसवेफुगवे होतात, कुणाचं तरी नाव गाळलं म्हणून फोन येतात. माणूस कुटुंबवत्सल होता की नाही हे आपण जवळजवळ या एका वाक्याच्या लांबीवरनं ठरवतो.

आता ही केस बघा. अमेरिकेतल्या टेक्सासचा रँचर, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारा, चार्ल्स गुडनाइट (आडनाव खरंच गुडनाइट आहे, थट्टा नाही). जन्म 5 मार्च 1836, मृत्यू 12 डिसेंबर 1929, म्हणजे त्र्याण्णव वर्षं नऊ महिने. गुरांच्या धंद्यात एवढं मोठं नाव की टेक्सासच्या त्या उत्तरेकडच्या टोकाला, ज्याला तिकडे पॅनहँडल म्हणतात, तिथे अजून त्याला तिथला पहिला रँचर मानतात. गावाला नाव त्याचं, रस्त्याला नाव त्याचं. आणि हे ठरलेलं वाक्य त्याच्यासाठी लिहायला बसलात तर काय लिहाल? मुलगा नाही, मुलगी नाही, पहिली बायको तीन वर्षं आधीच गेलेली, मागे फक्त दुसरी बायको, ती पण तिशीच्या आतली. संपलं वाक्य. तरी त्याला घरचा माणूस, सगळ्यांचा आधार, बापमाणूस अशा शब्दांत आठवणारे लोक होते आणि आहेत. हे कसं काय, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याची लढाई-बिढाई, पिस्तुलं, धाडस हे सगळं तुम्हाला दुसरीकडे भरपूर मिळेल.

सुरुवात गरिबीतली. जन्म इलिनॉयमधल्या मकूपिन काउंटीत. पाच वर्षांचा असताना वडील न्यूमोनियाने गेले, आईने दुसरं लग्न केलं आणि 1845 च्या शेवटी सगळं बिऱ्हाड टेक्सासला निघालं. शाळा एकूण जेमतेम सहा महिने. पुढे आयुष्यभर पत्रं दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आईने नंतर आणखी एकदा लग्न केलं, त्या घरातला सावत्र भाऊ वेस शीक हा याचा पहिला पार्टनर. सावत्र भाऊ म्हटलं की आपल्याला लगेच जमिनीच्या वाटणीची भांडणं आठवतात, इथे मात्र दोघांनी मिळून धंदा सुरू केला. धंदा कसला तर दुसऱ्याची गुरं सांभाळायची, दहा वर्षांचा करार, आणि मोबदला म्हणजे होणाऱ्या दर चार वासरांमागे एक वासरू यांचं. आपल्याकडे शेळी वाट्याने पोसायला देतात ना, अगदी तसंच, फक्त वाटा निम्म्याऐवजी चौथा. पहिल्या वर्षी बत्तीस वासरं वाट्याला आली असं सांगतात. बत्तीस! त्यावर संसार काय होणार. पण विशीतल्या पोराने पहिलं काय केलं तर आईला आणि सावत्र बापाला आपल्या जवळ आणून लाकडी ओंडक्यांचं घर बांधून दिलं. म्हणजे स्वतःचं लग्न नाही, जमीन नाही, पण घर आहे आणि घरात आईबाप आहेत. या माणसाचं गणित इथूनच उलटं चालतं, आधी घरातली माणसं आणि मग बाकीचं.

पार्टनर नंबर दोन

1861 ते 65 ची यादवी संपली तेव्हा टेक्सासमध्ये गुरं उदंड आणि घेणारा कुणी नाही अशी परिस्थिती. सगळे उत्तरेला रेल्वेकडे गुरं हाकत होते. गुडनाइटने उलटा विचार केला की पश्चिमेला जाऊ, न्यू मेक्सिकोत फोर्ट समनरला सरकारने नॅव्हाहो या तिथल्या मूळ रहिवाशांना हजारोंनी डांबून ठेवलंय, त्यांना खायला घालायला सैन्याला बीफ लागणारच. (डांबून ठेवलेल्यांच्या उपासमारीवर उभा राहिलेला हा धंदा आहे, हे आठवणींच्या भाषणांत सहसा कुणी बोलत नाही.) सोबतीला आला ऑलिव्हर लव्हिंग, वय त्रेपन्न, गुडनाइट तीस. जवळजवळ बापलेकाचं अंतर. जून 1866 मध्ये दोन हजार गुरं आणि अठरा माणसं घेऊन निघाले. मध्ये सव्वाशे किलोमीटरच्या वर पाण्याचा थेंब नाही, शेवटी पेकोस नदीचा वास आल्यावर तहानलेली गुरं जी उधळली ती थेट नदीत, कितीतरी बुडून मेली. पण जी पोचली त्यातल्या गोऱ्ह्यांना जिवंत वजनावर पाउंडामागे आठ सेंट मिळाले, बारा हजार डॉलर सोन्यात.

याच ट्रिपसाठी त्याने लष्कराची जुनी गाडी घेऊन तिच्या मागच्या बाजूला कप्प्यांचं कपाट बसवलं, कपाटाचं झाकण खाली पाडलं की त्याचाच ओटा. पीठ, कॉफी, बीन्स, सुई-दोरा, औषधं, सगळं तिथे. हीच ती चकवॅगन. लोक हिला शोध म्हणतात, मला विचाराल तर ते फिरतं स्वयंपाकघर आहे, आणि रानात दीड-दोन डझन पोरांना रोज वेळेवर गरम खायला मिळालं पाहिजे हे ज्याला सुचतं तो कसा माणूस असेल ते तुम्हीच बघा.

अजून एक डिटेल सांगतो, मला यातलं सगळ्यात आवडलेलं. कळप चालत असताना वाटेत गाई व्यायच्या, आणि नवीन वासरू कळपाबरोबर चालू शकत नाही म्हणून रोज सकाळी ती वासरं गोळी घालून मारायची ही त्या धंद्यातली रीतच होती. गुडनाइटला ते जमेना. पुढच्या एका ट्रिपला त्याने वासरांसाठी वेगळी गाडीच घेतली. पण अडचण अशी की गाडीत वासरं एकमेकांना घासली की वास मिसळतो आणि संध्याकाळी आई स्वतःच्याच वासराला जवळ घेत नाही, लाथ मारते. ज्याच्या घरी गाय आहे त्याला हे सांगायला नको. मग याने प्रत्येक वासरू वेगळ्या पोत्यात घालायला लावलं, पोत्यांवर खुणा, आज ज्या पोत्यात होतं उद्या त्याच पोत्यात. संध्याकाळी सोडलं की बरोबर आपल्या आईकडे. धंद्याचा हिशोब यात आहेच, वासरू म्हणजे पैसा. पण नुसता हिशोब असता तर बाकीच्यांनाही सुचला असता.

लव्हिंगची गोष्ट वाईट झाली. 1867 मध्ये तो एका सोबत्याला घेऊन कळपाच्या पुढे निघाला, पेकोसच्या काठी कोमांचेंच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांतल्या एका जमातीच्या, तावडीत सापडला, मनगटात आणि कुशीत गोळ्या लागल्या. कसाबसा फोर्ट समनरला पोचला पण हाताला गँगरीन झालं आणि 25 सप्टेंबर 1867 ला गेला. मरताना दोन गोष्टी बोलला, मला परमुलखात ठेवू नका, टेक्सासला न्या, आणि घरच्यांची देणी फिटेपर्यंत आपली पार्टनरशिप चालू ठेव. आता मरणाऱ्याला "हो हो" सगळेच म्हणतात. गुडनाइट आधी कळप कोलोरॅडोला पोचवून आला (हेही त्याचंच, गुरं वाऱ्यावर सोडून नाही गेला), मग परत येऊन प्रेत उकरून काढलं, तेलाचे रिकामे डबे चपटे करून झाळून पत्र्याची पेटी केली, लाकडी पेटीभोवती कोळसा भरून ती आत बसवली आणि जवळपास साडेनऊशे किलोमीटर गाडीतून आणून 1868 मध्ये वेदरफर्डला, लव्हिंगच्या माणसांत पुरलं. धंद्यातला लव्हिंगचा वाटाही त्याच्या घरी जात राहिला. त्याचा फोटो गुडनाइटने पुढे जपून ठेवला होता. मुलाने केलं असतं ते सगळं याने केलं, नात्यात काहीही लागत नसताना.

दगडावरचा मजकूर

इथे एक नाव नीट वाचा, बोझ आयकर्ड. मिसिसिपीत गुलाम म्हणून जन्मलेला काळा माणूस, यादवीनंतर मोकळा झाला, आणि लव्हिंग-गुडनाइटच्या कळपांबरोबर घोड्यावर होता. त्या काळात गुराख्यांमध्ये काळे आणि मेक्सिकन लोक भरपूर होते, पुढे चित्रांमधून ते गायब झाले तो भाग वेगळा. परतीच्या वाटेवर हजारो डॉलरची रोकड असायची ती गुडनाइट बोझकडे द्यायचा, कारण चोराला वाटणारच नाही की पैसे या माणसाकडे असतील. इथे जरा थांबा. विश्वास होताच, शंभर टक्के, गुडनाइट म्हातारपणीही सांगायचा की जिवंत माणसांत याच्याएवढा विश्वास मी कुणावर टाकला नाही. पण ही युक्ती चालते कशावर, तर समाज त्या माणसाला काय समजतो त्यावर. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मला तरी त्यातली एक काढून टाकता येत नाही.

पार्टनर लव्हिंग गेला, वर्षं गेली, बोझने वेदरफर्डला शेती केली, संसार केला, मुलं झाली. गुडनाइट कधी तिकडे गेला की भेटून यायचा, पैसे देऊन यायचा. 4 जानेवारी 1929 ला बोझ गेला. गुडनाइट तेव्हा ब्याण्णव वर्षांचा, छातीचा त्रास, आणि अक्षर लिहिता येत नाही. त्याने ग्रॅनाइटचा दगड बसवायला लावला आणि त्यावरचा मजकूर सांगून लिहून घेतला. मजकूर साधारण असा: गुडनाइट-लव्हिंग वाटेवर माझ्याबरोबर चार वर्षं काम केलं, कधी काम टाळलं नाही, कधी हुकूम मोडला नाही, अनेकदा उधळलेल्या कळपात माझ्यासोबत घोडा घातला, कोमांचेंशी झालेल्या तीन चकमकींत होता, वागणं उत्तम. आणि खाली स्वतःचं नाव.

मी हा मजकूर खूपदा वाचला. "हुकूम मोडला नाही" हे आज टोचतं, टोचायलाच पाहिजे, मालकाची भाषा आहे ती. पण असं बघा की 1929 च्या टेक्सासमध्ये, जिथे काळ्या माणसाला बसायची जागा वेगळी, पाणी वेगळं, तिथे एका गोऱ्या, राज्यात नावाजलेल्या म्हाताऱ्याने एका काळ्या गुराख्याच्या थडग्यावर "माझ्याबरोबर" हा शब्द कोरून घेतला. त्यात एकही मोघम विशेषण नाही. प्रेमळ, मनमिळाऊ, सदा हसतमुख असलं काही नाही. किती वर्षं, कुठे, काय केलं, किती वेळा. श्रद्धांजली लिहिणाऱ्यांनी हा दगड एकदा बघावाच. आणि बोझची आज जी काही ओळख उरली आहे त्यात या दगडाचा वाटा फार मोठा आहे.

मॉली आणि तीन कोंबड्या

26 जुलै 1870 ला लग्न झालं, मेरी ॲन डायर, सगळे मॉली म्हणायचे. ती शिक्षिका, तीस वर्षांची, आईबाप गेल्यावर धाकटे भाऊ हिनेच वाढवलेले. म्हणजे दोघंही लग्नाच्या आधीपासूनच संसारी. कोलोरॅडोत प्वेब्लोजवळ रँच टाकली, बँकेत पैसा घातला, बागा लावल्या, आणि 1873 च्या मंदीने सगळं धुऊन नेलं. चाळिशी जवळ आलेली आणि पुन्हा शून्य. 1876 मध्ये उरलेली सोळाशे गुरं घेऊन टेक्सासला परत, पॅलो ड्युरो नावाच्या दरीत. दरी लांबच लांब, दोनशे किलोमीटरच्या घरात, आणि खाली उतरायला एकच अरुंद पायवाट, गाड्या सुट्या करून खेचरांवर लादून उतरवल्या. पहिलं घर म्हणजे जमिनीत खणलेली खोली, वर आडव्या टाकायला कोमांचेंच्या सोडून गेलेल्या तंबूंचे वासे. हे वासे लक्षात ठेवा.

पैसा आला आयर्लंडच्या जॉन अडेरकडून, 1877 मध्ये. त्याचं भांडवल आणि दोन तृतीयांश वाटा, गुडनाइटची मेहनत, एक तृतीयांश वाटा आणि वर्षाला अडीच हजार डॉलर पगार, शिवाय भांडवलावर व्याज. रँचचं नाव, गुरांवरचा डाग, सगळं अडेरच्या नावाच्या आद्याक्षरांवरून, जेए. हा अडेर कोण, तर 1861 मध्ये डोनेगॉलमध्ये डेरीव्हेच्या आपल्या कुळांपैकी 244 माणसं, पोराबाळांसकट, घरांबाहेर काढणारा जमीनदार. आयर्लंडमध्ये त्याचं नाव अजून शिवीसारखं घेतात. आणि त्याच पैशावर टेक्सासमधलं हे प्रेमळ बिऱ्हाड उभं राहिलं. भरभराटीच्या काळात जेए रँच तेरा लाख पंचवीस हजार एकर होती, म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळजवळ दीडपट, आणि त्यात एक लाख गुरं.

एवढ्या जमिनीवर बाईमाणूस एकटी मॉली. जवळचा शेजारी सव्वाशे किलोमीटरवर. महिनोन् महिने दुसऱ्या बाईचं तोंड दिसायचं नाही. एकदा एका गुराख्याने पोत्यातून तीन कोंबड्या आणल्या, जेवायला म्हणून. तिने कापल्या नाहीत. ती त्यांच्याशी बोलायची, जाईल तिथे त्या मागे यायच्या, आणि नंतर ती सांगायची की त्यांची किती सोबत झाली ते कुणाला कळायचं नाही. हे वाचून हसू येतं आणि मग हसू जातं. आपल्याकडेही नवऱ्याच्या बदलीच्या गावी जाऊन भांड्यांशी बोलणाऱ्या बायका काही कमी झाल्या नाहीत. गुडनाइटच्या मोठेपणाची गोष्ट सांगताना तो एकटेपणा कुणी भोगला ते पण त्याच हिशोबात धरायला हवं.

मूल झालं नाही. मग मॉलीचं घर भरलं ते गुराख्यांनी. सोळा-अठरा वर्षांची पोरं, घरातनं पळून आलेली, अनाथ, काही नुसतीच भरकटलेली. ती त्यांची फाटकी कापडं शिवायची, दुखलंखुपलं बघायची, रात्री अक्षर ओळख करून द्यायची. आणि गुडनाइटचा नियम कडक, रँचवर दारू नाही, जुगार नाही, मारामारी नाही. स्वतः मात्र दिवसभर सिगार आणि तोंडात शिव्यांची लाखोली, हे पण सगळे सांगतात. प्रेमळ म्हातारा वगैरे चित्र डोळ्यांपुढे असेल तर पुसा, आवाज चढला की पोरं चळाचळा कापायची. घरकाम बघणाऱ्या बाईंचा मुलगा या दोघांनी स्वतःच्या मुलासारखा वाढवला. 1898 मध्ये गुडनाइट गावात कॉलेज काढलं, ते 1917 पर्यंत चाललं. स्वतः सहा महिने शाळा शिकलेल्याने कॉलेज काढावं हे आपल्याला नवीन नाही, कर्मवीरांच्या महाराष्ट्रात तर नाहीच.

पॅलो ड्युरो कुणाची होती

आता ते तंबूचे वासे. गुडनाइट 1876 मध्ये उतरला ती दरी रिकामी का होती? 28 सप्टेंबर 1874 ला कर्नल मॅकेन्झीच्या फौजेने तिथे कोमांचे, कायोवा आणि शायेन लोकांच्या छावण्यांवर हल्ला केला, तंबू आणि हिवाळ्याचं धान्य जाळलं आणि हजारावर घोडे पकडून गोळ्या घातल्या, म्हणजे पायी चालत जाऊन शरण येण्याशिवाय त्यांना दुसरं काही उरू नये. त्यानंतर दोन वर्षांनी गुडनाइट. आणि त्याआधी, डिसेंबर 1860 मध्ये, रेंजर लोकांना, म्हणजे टेक्सासच्या सशस्त्र दलाला, पीज नदीवरच्या कोमांचे छावणीपर्यंत माग काढत घेऊन जाणाऱ्यांत तो होता. त्या हल्ल्यात सापडलेली निळ्या डोळ्यांची बाई म्हणजे सिंथिया ॲन पार्कर, लहानपणी 1836 मध्ये पळवलेली आणि चोवीस वर्षांत पूर्ण कोमांचे झालेली. तिला "सोडवून" गोऱ्या नातेवाइकांकडे दिली, ती शेवटपर्यंत परत जायची धडपड करत राहिली. तिचा मुलगा क्वाना.

हाच क्वाना पार्कर 1878 मध्ये आपल्या लोकांना घेऊन सरकारने नेमून दिलेल्या राखीव जागेतून पॅलो ड्युरोत आला, बायसनच्या शिकारीला. बायसन नव्हतेच, चामड्यासाठी कापून संपवले होते. भुकेले लोक गुडनाइटची गुरं मारायला लागले. त्याने क्वानाशी बसून बोलणं केलं. सांगतात की त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तू टेक्सासचा का, कारण टेक्सासवाल्यांचा त्यांना भयंकर राग, तर हा म्हणाला कोलोरॅडोचा, आणि मग त्यांनी कोलोरॅडोतल्या नद्या-डोंगरांची परीक्षाच घेतली. शेवटी ठरलं की बायसन सापडेपर्यंत एक दिवसाआड दोन गुरं मिळतील, बाकी कळपाला हात लावायचा नाही. दोघांनीही शब्द पाळला आणि पुढे दोघांत चांगली ओळख राहिली. चांगुलपणा आहे का यात? आहे. पण ज्याची दरी त्यालाच दिवसाआड दोन गुरं, हे पण आहे. गुडनाइटवर प्रेम करणारे लोक पहिला अर्धा भाग सांगतात, मी दोन्ही सांगतोय, आणि मला वाटतं तो स्वतः बसला असता तर त्यानेही टाळलं नसतं, म्हातारपणी तो कोमांचे-कायोवांना जुने शेजारी असल्यासारखं बोलवायचा. 1916 मध्ये तर कायोवांना आपल्या बायसनची शिकार पुन्हा एकदा करू दिली, आणि ते चित्रित करून ठेवलं.

आपले बायसन? हो. बायसन म्हणजे तिकडचा जंगली, खांद्यावर उंचवटा असलेला तो प्रचंड प्राणी, तिकडे सर्रास बफेलो म्हणतात पण आपल्या म्हशीशी संबंध नाही, राधानगरीचा गवा डोळ्यांपुढे आणला तर जास्त जवळ जाल. 1878 च्या सुमारास रात्री मॉलीला पोरक्या वासरांचं हंबरणं ऐकू यायचं, आया शिकाऱ्यांनी मारलेल्या. तिने नवऱ्यामागे लकडा लावला की यातली थोडी तरी वाचवा. त्याने दोर टाकून काही वासरं धरून आणली. गायींच्या दुधावर वाढवली. त्यातून दोनशेच्या वर बायसनचा कळप झाला. 1902 मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जंगली बायसन जेमतेम उरले होते, तेव्हा तिथला कळप वाढवायला यांच्याकडचे तीन वळू गेले. पोत्यातली वासरं आणि ही वासरं, मला एकाच ओळीतली वाटतात.

शेवटची वर्षं पटकन सांगतो. 1887 ला जेए मधून वाटा घेऊन बाहेर पडला, रेल्वे स्टेशनजवळ घर बांधलं. मेक्सिकोतल्या खाणीत पैसा बुडाला. 1919 मध्ये रँच विकली, अट एकच, दोघं जिवंत असेपर्यंत घर आमचं. 11 एप्रिल 1926 ला मॉली गेली. तिच्या दगडावर, हिने सारं आयुष्य इतरांच्या सेवेत घालवलं, अशा अर्थाचं वाक्य आहे. मग म्हातारा इतका आजारी पडला की आता हाही जातो असं सगळ्यांना वाटलं. मोंटानातली एक तारखात्यातली बाई, आडनाव योगायोगाने गुडनाइटच, त्यामुळे पत्रव्यवहार सुरू झालेला, ती कॉरिन येऊन शुश्रूषा करायला राहिली आणि 5 मार्च 1927 ला, त्याच्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाला, दोघांनी लग्न केलं. ती सव्वीस वर्षांची. लोक काय बोलले असतील ते मी लिहायला नको, तुमच्या मनात आलंच असेल, माझ्याही आलं. पण अडीच-पावणेतीन वर्षं तिने त्याला सांभाळलं. उतारवयात त्याने चर्चमध्ये नाव घातलं, कुठल्या चर्चमध्ये असं कुणी विचारलं तर म्हणाला म्हणे, नाव माहीत नाही पण लई भारी आहे, आणि मध्ये एक शिवी. हिवाळ्यात छातीसाठी ॲरिझोनाला नेलं होतं, तिथेच गेला. आणून मॉलीशेजारी पुरला.

थडग्याभोवती कुंपण आहे. येणारे-जाणारे त्याला गळ्यातले रुमाल बांधून जातात, गुराखी बांधतात ते रंगीत रुमाल. ऊन-पावसात विरतात, नवीन येतात. कोण बांधतं, कधी, याची नोंद नाही. घर दुरुस्त करून बघायला खुलं आहे. कॅन्यन गावातल्या म्युझियममध्ये ओल्ड ब्लू नावाच्या बैलाची शिंगं ठेवलीत, हा गळ्यात घंटा घालून कळपाच्या पुढे चालायचा, डॉज सिटीपर्यंत वाट दाखवायचा आणि रात्री चकवॅगनपाशी येऊन पोरांच्या हातचं खायचा. माणसांपेक्षा बैलाच्या आठवणी जास्त जपल्या असं कुणी म्हणेल, पण ज्यांनी गुरं राखलीत ते नाही म्हणणार.

आणि कळप. गुडनाइट गेल्यावर मॉलीच्या बायसनची पिल्लावळ जेएच्या जमिनीवर तशीच मोकळी फिरत राहिली, वर्षानुवर्षं कुणी फार लक्ष दिलं नाही. 1990 च्या दशकात टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या लोकांनी जनुकं तपासली तर कळलं की हा दक्षिणेकडच्या मूळ कळपांचा शेवटचा उरलेला वंश, दुसरीकडे कुठे नसलेल्या खुणा यांच्यात आहेत. जेएने ते बायसन राज्याला दिले आणि 1997 मध्ये ते कॅप्रॉक कॅन्यन्स उद्यानात आणले. पण वासरं कमी होत होती, झालेली जगत नव्हती, शंभर-सव्वाशे वर्षं आपसातच पैदास झालेली. तसंच चाललं असतं तर काही दशकांत कळप संपला असता. 2003 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या टेड टर्नरच्या रँचवरून तीन वळू आणून त्यांच्यात सोडले. त्यानंतर वासरं जगायला लागली. आता ते बायसन उद्यानात मोकळे असतात, मधूनच रस्त्यावर येऊन उभे राहतात आणि गाड्या थांबतात.